आवृत्तीबदलानंतरचा नामशोध-बिघाड (उबुंटू आणि डेबियन)

नामशोध म्हणजे एखाद्या संगणकाच्या अथवा संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा अंकी पत्ता (आयपी पत्ता) मिळवण्याची क्रिया होय. संचालन प्रणालीची नवी आवृत्ती बसवल्यावर, म्हणजेच अपग्रेडनंतर, ही क्रिया बंद पडणे किंवा अर्धवट चालणे हा लिनक्सवर आधारलेल्या प्रणालींमध्ये वारंवार आढळणारा बिघाड आहे. अशा वेळी केबल, वाय-फाय, राउटर आणि इंटरनेट सेवा सारे शाबूत असते; तरीही ब्राउझर संकेतस्थळ सापडत नसल्याचे सांगतो आणि वापरणारा ‘इंटरनेट गेले’ असा निष्कर्ष काढतो. नावे कोणाला विचारायची हे ज्या फाइलीत लिहिलेले असते ती फाइल जुन्याच जागी, जुन्याच नावाने राहते. बदललेला असतो तो ती लिहिणारा प्रोग्रॅम. चावडीवरची पाटी तीच, दप्तर मात्र दुसऱ्याच्या हाती, असा हा प्रकार आहे. त्यामुळे फाइलीतील मजकूर हाताने दुरुस्त केला तरी तो पुष्कळदा पुढच्या रीबूटपर्यंतच टिकतो.

या लेखात प्रामुख्याने उबुंटूच्या १६.०४ आवृत्तीवरून १८.०४ आवृत्तीवर जाताना आणि डेबियन ११ वरून १२ वर जाताना घडलेल्या बदलांचा विचार केला आहे. फाइलींची व आज्ञांची नावे येथे देवनागरीत दिली आहेत. संगणकावर ती रोमन लिपीतच टंकित करावी लागतात.

पार्श्वभूमी

आर्पानेटच्या काळात सर्व संगणकांची नावे आणि पत्ते एकाच यादीत असत. ‘होस्ट्स.टीएक्सटी’ नावाची ही यादी कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूट येथील माहिती केंद्र सांभाळत असे. या केंद्राच्या प्रमुख एलिझाबेथ फाइनलर होत्या. प्रत्येक ठिकाणचे लोक ही यादी वेळोवेळी उतरवून घेत. संगणकांची संख्या वाढली तशी एका यादीने भागेनासे झाले. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डोमेन नेम सिस्टिम, म्हणजे डीएनएस, या विकेंद्रित पद्धतीचा आराखडा मांडला. १९८७ मध्ये तिचे सुधारित मानक प्रसिद्ध झाले आणि मूळ गाभा आजही तोच आहे.

जुनी यादी मात्र पूर्णपणे गेली नाही. प्रत्येक लिनक्स संगणकाच्या ‘ईटीसी’ या फोल्डरात ‘होस्ट्स’ नावाची छोटी फाइल आजही असते आणि साधारणपणे डीएनएसच्या आधी तीच पाहिली जाते. नवी पद्धत आली तरी जुनी तिच्या पोटात जिवंत राहते, हे नामशोधाच्या इतिहासात पुनःपुन्हा घडले आहे. पुढे वर्णन केलेल्या बऱ्याच अडचणींचे मूळही त्यातच आहे.

शोधाचा मार्ग

ब्राउझर किंवा अन्य प्रोग्रॅम सहसा स्वतः डीएनएस सर्व्हरशी बोलत नाही. तो संचालन प्रणालीच्या सी-ग्रंथालयाला (ग्लिबसी) नाव देतो आणि पत्ता मागतो. ग्रंथालय प्रथम ‘एनएसस्विच.कॉन्फ’ ही फाइल पाहते. तिच्यातील ‘होस्ट्स’ या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीत शोधाचा क्रम दिलेला असतो: आधी स्थानिक फाइल, मग घरगुती जाळ्यातील शोध, मग डीएनएस, अशा प्रकारचा. डीएनएसची पाळी आली की ‘रिझॉल्व्ह.कॉन्फ’ ही दुसरी फाइल उघडली जाते. तिच्यात ‘नेमसर्व्हर’ या शब्दापुढे सर्व्हरचा पत्ता असतो. असे तीनच पत्ते विचारात घेतले जातात. चौथा लिहिला तरी त्याकडे लक्ष दिले जात नाही.

पहिला सर्व्हर उत्तर देत नसेल तर ग्रंथालय ठरलेल्या मूल्यानुसार पाच सेकंद थांबते आणि मग दुसऱ्याकडे वळते. आवृत्तीबदलानंतर सर्व संकेतस्थळे उघडतात, पण प्रत्येक नव्या नावाला चार-पाच सेकंदांचा खोळंबा होतो, अशी तक्रार असेल तर कारण बहुधा हेच असते: यादीत पहिल्या क्रमांकावर एखादा बंद पडलेला सर्व्हर राहून गेलेला असतो. येथे नामशोध बंद पडलेला नसतो, फक्त मंदावलेला असतो. दोष मात्र ‘संथ इंटरनेट’ला दिला जातो.

‘रिझॉल्व्हकॉन्फ’ हे एका सॉफ्टवेअर पॅकेजचेही नाव आहे. ‘रिझॉल्व्ह.कॉन्फ’ ही फाइल आणि ‘रिझॉल्व्हकॉन्फ’ हे पॅकेज यांच्या नावांत एका टिंबाचा फरक आहे, आणि त्या टिंबाने अनेक नवशिक्यांना चकवले आहे. हे पॅकेज त्या फाइलीचे व्यवस्थापन करते. पण तेच एकमेव व्यवस्थापक नाही.

आवृत्त्यांमधून काय बदलले

जुन्या काळी ही फाइल प्रशासक स्वतः लिहीत असे आणि ती तशीच राहत असे. २०१२ मध्ये उबुंटू १२.०४ मध्ये तिची जबाबदारी ‘रिझॉल्व्हकॉन्फ’ पॅकेजकडे देण्यात आली. डेस्कटॉपवर ‘नेटवर्कमॅनेजर’ हा प्रोग्रॅम ‘डीएनएसमास्क’ नावाचा छोटा स्थानिक मध्यस्थ चालवू लागला. तेव्हापासून फाइलीत बाहेरच्या सर्व्हरऐवजी १२७ ने सुरू होणारा पत्ता दिसू लागला. या गटातील सर्व पत्ते त्या संगणकाचे स्वतःचेच असतात. बाहेर त्यांना काहीही अर्थ नसतो.

२०१८ च्या एप्रिलमध्ये आलेल्या १८.०४ या दीर्घकालीन आवृत्तीत हे काम ‘सिस्टिमडी-रिझॉल्व्ह्ड’ या सेवेकडे आले. (मधल्या अल्पकालीन आवृत्त्यांमध्ये हा बदल टप्प्याटप्प्याने होत होता.) आता ‘रिझॉल्व्ह.कॉन्फ’ ही खरी फाइल उरली नाही. ती ‘रन’ या फोल्डरातील दुसऱ्या एका फाइलीकडे बोट दाखवणारा दुवा झाली, आणि त्या फाइलीत १२७.०.०.५३ हा एकच पत्ता असतो. ‘रन’ फोल्डर संगणकाच्या तात्पुरत्या स्मृतीत असते व प्रत्येक वेळी नव्याने तयार होते. साहजिकच तेथे हाताने लिहिलेले काहीही टिकत नाही.

याच सुमारास जाळ्याची मांडणी लिहिण्याची पद्धतही बदलली. पूर्वी सर्व्हरवर ‘इंटरफेसेस’ नावाच्या फाइलीत पत्ता, मार्ग आणि डीएनएस सर्व्हर लिहिले जात. १७.१० पासून नव्याने बसवलेल्या प्रणालीवर ‘नेटप्लॅन’ आले. येथे कळीचा शब्द ‘नव्याने बसवलेल्या’ हा आहे. जुन्यावरून नव्या आवृत्तीवर आलेल्या संगणकावर जुनीच पद्धत चालू ठेवली जाते. त्यामुळे १८.०४ चे दोन संगणक शेजारी शेजारी असूनही त्यांची अंतर्गत रचना वेगळी असू शकते, आणि एकासाठी लिहिलेली सूचना दुसऱ्यावर निरुपयोगी ठरते. जुन्या ‘इंटरफेसेस’ फाइलीत डीएनएस सर्व्हरची ओळ अजून असते. परंतु ती ओळ उचलून पुढे पोचवणारे ‘रिझॉल्व्हकॉन्फ’ पॅकेज निघून गेले असेल, आणि त्याची जागा दुसऱ्या कोणी घेतली नसेल, तर ती वाचणारे कोणीच उरत नाही.

संस्था सहसा मधल्या आवृत्त्या टाळून एका दीर्घकालीन आवृत्तीवरून थेट दुसरीवर जातात. स्थैर्याच्या दृष्टीने हे योग्यच आहे. मात्र दोन वर्षांत हळूहळू झालेले सर्व बदल त्यामुळे एकाच दुपारी अंगावर येतात.

आवृत्तीबदल चालू असताना विचारल्या जाणाऱ्या एका प्रश्नाचाही येथे संबंध येतो. प्रशासकाने एखादी मांडणीची फाइल पूर्वी बदललेली असेल, तर तुमची जुनी प्रत ठेवायची की नवी घ्यायची असे विचारले जाते. नुसते एंटर दाबल्यास जुनीच राहते. नवी प्रत शेजारी ‘डीपीकेजी-डिस्ट’ असे शेपूट लावून ठेवली जाते. नवी स्वीकारल्यास जुनी ‘डीपीकेजी-ओल्ड’ या शेपटासह उरते. बिघाड झाल्यावर ‘ईटीसी’ फोल्डरात ही शेपटे शोधली तर कोणती फाइल कोणत्या काळातली आहे याचा छडा पटकन लागतो.

बिघाड ओळखणे

प्रथम जोडणी आणि नामशोध यांची फारकत करावी लागते. ‘पिंग’ या आज्ञेला एखाद्या सार्वजनिक सर्व्हरचा अंकी पत्ता, उदाहरणार्थ ८.८.८.८, दिला असता उत्तर येते, पण नाव दिल्यावर येत नाही, असे असेल तर दोष नामशोधातच आहे. अंकी पत्त्यालाही उत्तर येत नसेल तर आधी जोडणी पाहणे भाग आहे, कारण तेव्हा नामशोधाविषयी काहीच सिद्ध होत नाही.

चूक-संदेशांतील शब्दांकडेही लक्ष द्यावे. ‘टेम्पररी फेल्युअर इन नेम रिझोल्यूशन’ याचा अर्थ बहुधा असा की विचारण्यासाठी सर्व्हर सापडला नाही किंवा त्याने प्रतिसाद दिला नाही. ‘नेम ऑर सर्व्हिस नॉट नोन’ याचा अर्थ शोध पार पडला, पण असे नाव नसल्याचे उत्तर आले. पहिल्या प्रकारात सर्व्हरच्या पत्त्याची तपासणी करायची. दुसऱ्यात भलत्याच सर्व्हरला प्रश्न गेला काय हे पाहायचे. ‘सूडो’ वापरताना ‘अनएबल टू रिझॉल्व्ह होस्ट’ असा संदेश येतो तो यांहून निराळा आहे. संगणकाला त्याचे स्वतःचेच नाव ओळखता येत नाही एवढाच त्याचा अर्थ असतो, आणि ‘होस्ट्स’ फाइलीत १२७.०.१.१ या पत्त्यापुढे ते नाव लिहिले की तो नाहीसा होतो.

यानंतरची सर्वांत उपयुक्त कृती म्हणजे ‘रिझॉल्व्ह.कॉन्फ’मध्ये काय लिहिले आहे हे पाहण्याआधी ती फाइल कोणत्या प्रकारची आहे हे पाहणे. ‘एलएस’ या आज्ञेला ‘-एल’ हा पर्याय दिला की ती साधी फाइल आहे की दुवा, आणि दुवा असल्यास तो कोठे जातो, हे दिसते. साधी फाइल असेल तर ती कोणीतरी, बहुधा पूर्वीच्या प्रशासकाने किंवा एखाद्या व्हीपीएन प्रोग्रॅमने, लिहिलेली असते. दुवा असेल पण त्याच्या टोकाला फाइलच नसेल, तर ती लिहिणारी सेवा चालू नाही.

‘डिग’ आणि ‘गेटएंट’ या दोन आज्ञांची तुलना बरेच काही सांगून जाते. ‘डिग’ थेट डीएनएस सर्व्हरला विचारते; ‘होस्ट्स’ फाइल आणि ‘एनएसस्विच.कॉन्फ’मधील क्रम तिच्या खिजगणतीत नसतो. ‘गेटएंट होस्ट्स’ मात्र सामान्य प्रोग्रॅमप्रमाणे संपूर्ण मार्गाने जाते. ‘डिग’ला पत्ता मिळतो आणि ‘गेटएंट’ला मिळत नाही, असे दिसल्यास डीएनएस सर्व्हर निर्दोष असून दोष क्रमाच्या ओळीत आहे. बरेच लोक ‘डिग’चे उत्तर पाहून सर्व ठीक असल्याचे मानतात आणि तेथेच वाट चुकते. ‘सिस्टिमडी-रिझॉल्व्ह्ड’ची स्वतःची बाजू ऐकण्यासाठी १८.०४ वर ‘सिस्टिमडी-रिझॉल्व्ह --स्टेटस’ आणि त्यानंतरच्या आवृत्त्यांवर ‘रिझॉल्व्हसीटीएल स्टेटस’ ही आज्ञा आहे. प्रत्येक जोडणीला कोणते सर्व्हर मिळाले आहेत हे तीत वेगवेगळे दिसते.

अर्धवट चालणारा नामशोध

पूर्ण बंद पडलेला नामशोध तुलनेने लवकर सुधारतो, कारण तो सर्वांच्या लक्षात येतो. बाहेरची सर्व संकेतस्थळे उघडतात, पण कार्यालयातील छपाईयंत्र, फाइल-सर्व्हर किंवा हजेरीचा सर्व्हर तेवढा सापडत नाही, हा प्रकार अधिक त्रासदायक आहे.

याचे एक कारण सर्व्हरच्या क्रमाशी निगडित आहे. अनेक कार्यालयांत पहिला सर्व्हर अंतर्गत आणि दुसरा सार्वजनिक लिहिण्याचा प्रघात होता. जुने ग्रंथालय दर वेळी पहिल्यापासून सुरुवात करत असल्यामुळे अंतर्गत नावे बिनबोभाट मिळत. ‘सिस्टिमडी-रिझॉल्व्ह्ड’ची रीत वेगळी आहे. पहिला सर्व्हर एकदा जरी अडखळला तरी ती सेवा दुसऱ्याकडे वळते आणि त्याच्याकडेच टिकून राहते. दुसरा सर्व्हर सार्वजनिक असल्यामुळे त्याला अंतर्गत नावे ठाऊक नसतात. ‘असे नाव नाही’ हे त्याचे उत्तर प्रामाणिक असते, आणि ते अंतिम मानले जाते. पहिल्याला पुन्हा विचारले जात नाही. सकाळी चालणारा फाइल-सर्व्हर दुपारी नाहीसा होतो, रीबूट केल्यावर पुन्हा दिसतो, या चमत्काराचे रहस्य यात आहे. एका यादीत लिहिलेल्या सर्व सर्व्हरना सारखेच ज्ञान असले पाहिजे, हे गृहीतक दोन्ही पद्धतींमागे होते. जुन्या पद्धतीत ते मोडले तरी खपून जात असे.

दुसरे कारण नावांच्या स्वरूपात असते. टिंब नसलेले एकेरी नाव, जसे ‘भांडार’ किंवा ‘ग्रंथालय’, नवी सेवा डीएनएसकडे पाठवत नाही. त्याच्यापुढे जोडायचे डोमेन ‘सर्च’ या सूचनेत दिलेले असेल तरच ते पूर्ण करून विचारले जाते. जुन्या फाइलीतील ‘सर्च’ची ओळ आवृत्तीबदलात गळाली की अशी सगळी आखूड नावे एकदम मुकी होतात, पण पूर्ण नाव लिहिले की उत्तर मिळते. ‘.लोकल’ या शेवटाची नावेही अशीच अडचणीची आहेत. अनेक कार्यालयांनी आपल्या अंतर्गत डोमेनला हा शेवट दिला होता. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मल्टिकास्ट डीएनएसच्या मानकाने मात्र तो शेवट सर्व्हरविना चालणाऱ्या घरगुती शोधासाठी राखून ठेवला. ‘एनएसस्विच.कॉन्फ’मधील क्रमात हा घरगुती शोध आधी असून ‘सापडले नाही तर परत फिरा’ असा शेराही असतो. त्यामुळे प्रश्न डीएनएसपर्यंत पोचतच नाही. क्रम बदलून हे तात्पुरते सुटते. अंतर्गत डोमेनचे नाव बदलणे हाच खरा उपाय, आणि तो कोणालाही नको असतो.

व्हीपीएन वापरणाऱ्यांच्या बाबतीत याच सेवेचा उलट फायदा होतो. कार्यालयाची नावे व्हीपीएनकडे व उरलेली घरच्या राउटरकडे, अशी विभागणी ‘सिस्टिमडी-रिझॉल्व्ह्ड’ करू शकते; एका साध्या फाइलीला ते शक्य नाही.

दुरुस्ती

फाइलीचा धनी कोण हे कळल्यावर दुरुस्ती त्या धन्याच्या घरी करायची असते. डेस्कटॉपवर ती ‘नेटवर्कमॅनेजर’च्या खिडकीत होते: जोडणीच्या मांडणीत डीएनएसपुढील ‘ऑटोमॅटिक’ बंद करून हवे ते पत्ते भरायचे. ‘नेटप्लॅन’ असलेल्या सर्व्हरवर त्याच नावाच्या फोल्डरातील फाइलीत ‘नेमसर्व्हर्स’खाली पत्ते लिहितात. या फाइलीत ओळींची आत सरकवणूक अर्थपूर्ण असते आणि ती मोकळ्या जागांनीच करावी लागते, टॅबने नाही. दूर असलेल्या सर्व्हरवर ‘नेटप्लॅन ट्राय’ ही आज्ञा श्रेयस्कर, कारण १२० सेकंदांत होकार न दिल्यास ती जुनी मांडणी परत आणते. जुनी ‘इंटरफेसेस’ फाइल चालू असलेल्या संगणकावर एक तर ‘रिझॉल्व्हकॉन्फ’ पॅकेज पुन्हा बसवावे, किंवा सर्व्हरचे पत्ते ‘रिझॉल्व्ह्ड.कॉन्फ’ या सेवेच्या स्वतःच्या फाइलीत लिहावेत. दोन्ही एकदम करू नये. दुवा तुटला असल्यास तो ‘रन’ फोल्डरातील ‘स्टब-रिझॉल्व्ह.कॉन्फ’कडे पुन्हा जोडावा व सेवा पुन्हा सुरू करावी.

ज्या संगणकावर आधीपासून ‘डीएनएसमास्क’ किंवा ‘बाइंड’ चालते तेथे ५३ क्रमांकाच्या पोर्टवरून तंटा होतो. नवी सेवा १२७.०.०.५३ वर ते पोर्ट धरून बसते आणि सर्व पत्त्यांवर ऐकू पाहणारा जुना सर्व्हर ‘ॲड्रेस ऑलरेडी इन यूज’ म्हणून सुरूच होत नाही. ‘रिझॉल्व्ह्ड.कॉन्फ’मध्ये ‘डीएनएसस्टबलिसनर’ ‘नो’ केल्यास जागा मोकळी होते. मात्र त्यानंतर ‘रिझॉल्व्ह.कॉन्फ’चा दुवाही बदलावा लागतो. एरवी सारा संगणक उत्तर न देणाऱ्या दाराशी प्रश्न विचारत राहतो.

सर्वाधिक सांगितला जाणारा उपाय वेगळाच आहे. दुवा काढून टाकायचा, साधी फाइल तयार करायची, तीत ८.८.८.८ लिहायचे आणि ‘चॅटर’ या आज्ञेने तिला कुलूप लावायचे. हा उपाय तात्काळ लागू पडतो, म्हणूनच तो लोकप्रिय आहे. परंतु त्याने कार्यालयातील अंतर्गत नावे कायमची बंद होतात, व्हीपीएनची विभागणी निकामी होते, आणि त्या संगणकावरून कोणकोणती नावे विचारली जातात याची माहिती एका परदेशी कंपनीच्या सर्व्हरकडे जाऊ लागते. शाळेच्या किंवा ग्रंथालयाच्या सार्वजनिक संगणकावर हा निर्णय नकळत घेतला जाणे बरे नव्हे. शिवाय कुलूप लावलेली फाइल पुढच्या आवृत्तीबदलात अडथळा ठरते, आणि तोपर्यंत ते लावणारी व्यक्ती बहुधा अन्यत्र गेलेली असते.

डेबियन १२ मधील पेच

२०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ मध्ये ‘सिस्टिमडी-रिझॉल्व्ह्ड’ मूळ पॅकेजातून वेगळे काढण्यात आले. आवृत्तीबदल करताना हे नवे पॅकेज आपोआप बसत नाही. त्यामुळे जे संगणक या सेवेवर अवलंबून होते त्यांचा नामशोध बंद पडतो, आणि पॅकेज उतरवून घ्यायचे तर भांडाराच्या सर्व्हरचे नाव शोधावे लागते. विहिरीतून पाणी काढायचे आहे आणि दोर विहिरीतच पडला आहे, अशी ही स्थिती. डेबियनच्या प्रकाशन-टिपणांत याची स्पष्ट सूचना आहे; ती आवृत्तीबदलाआधी वाचली तर प्रश्नच उद्भवत नाही.

न वाचल्यास मार्ग असा: टोक नसलेला दुवा पुसून त्याच नावाची साधी फाइल तयार करावी आणि तीत राउटरचा पत्ता (घरगुती जाळ्यात पुष्कळदा १९२.१६८.१.१) ‘नेमसर्व्हर’ म्हणून लिहावा. दुव्यावरच लिहायचा प्रयत्न केल्यास तो फसतो, कारण त्याच्या टोकाचे फोल्डरच अस्तित्वात नसते. नामशोध सुरू झाला की ‘एपीटी’ने ‘सिस्टिमडी-रिझॉल्व्ह्ड’ हे पॅकेज बसवावे. ते बसताना तात्पुरती फाइल बाजूला सारते आणि दुवा पुन्हा आपल्या ताब्यात घेते. म्हणून त्या फाइलीत काही टिपून ठेवायचे असेल तर त्याची प्रत आधीच काढून ठेवावी.